लग्नातले गाणे कुणाचे?

तुळशीचे लग्न लागले की वणी परिसरात लग्नसराईचे वारे वाहू लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत ती ऐन भरात येते. विदर्भातील उन्हाळ्यात भर दुपारी मांडवात बसणे असह्य होत असल्याने अनेक कुटुंबे सायंकाळचा गोरज मुहूर्त पसंत करतात. साहजिकच वरात, लग्न, पंगती आणि बिदाई हे सारे चार-पाच तासांत उरकावे लागते. या चार-पाच तासांत ध्वनिक्षेपक क्षणभरही गप्प नसतो. तरीही दुसऱ्या दिवशी नवरीच्या आईला 'काल काय वाजले?' असे विचारले, तर तिला बहुधा एकही गाणे सांगता येत नाही. मंगल कार्यालय, पत्रिका, शालू, जेवणातील पदार्थ यांची निवड महिना महिना चालते. संगीताचा विषय मात्र 'डीजेवाला पाहून घेईल' या एका वाक्यात निकालात निघतो.

अलीकडे काही वधू-वरांना ही उणीव जाणवू लागली आहे. आपल्या लग्नात आपल्याला अर्थ असलेले संगीत असावे, असे त्यांना वाटते. मग शोध सुरू होतो तो भ्रमणध्वनीवरील गाण्यांच्या याद्यांमध्ये. त्यात गैर काही नाही. पण मराठी मुलखातील विवाहविधीत घरच्या माणसांच्या शब्दांसाठी आणि गळ्यांसाठी जागा पूर्वीपासूनच राखून ठेवलेल्या आहेत, हे त्या शोधात विसरले जाते. घाणा भरताना, अंतरपाट धरल्यावर, विहिणींच्या पंगतीत आणि मुलगी निघताना गाणे घरचेच असे. बाहेरून आणलेले वाजप या जागांच्या अवतीभवती असायचे. या जागा ते बळकावत नसे. आज नेमके उलटे झाले आहे.

घाणा भरण्याचा विधी घ्या. लग्नाआधी सुवासिनी जात्याला सूत गुंडाळतात, हळकुंडे दळतात, आंब्याची पाने बांधलेल्या मुसळाने धान्य कांडतात आणि दळता-कांडता गातात. गाण्यात नवरीचे नाव येते, तिच्या मामाचे येते, गावाचे येते. रोजचे दळण विजेच्या गिरणीवर गेले आणि या गाण्याचा सराव मोडला. आता जाते केवळ विधीपुरते माळ्यावरून खाली उतरते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत. लेक, भाऊ, सासर, माहेर हे विषय त्यांत वारंवार येतात. परंतु ज्या घरात अजून एखादी आजी गाते, त्या घराने आधी तिच्याकडे जावे. तिला ठाऊक असलेली ओवी त्या घराची असते, आणि ती कोणत्याही संग्रहात नसण्याचीच शक्यता अधिक.

एकोणीस अक्षरांचा हिशेब

लग्नविधीत वैयक्तिक शब्दांना सर्वांत प्रशस्त जागा आहे ती मंगलाष्टकांत. पारंपरिक संस्कृत श्लोकांना देवता, नद्या, पर्वत यांचे आशीर्वाद मागायचे असतात. त्यांना जोडून घरच्याने रचलेली मराठी मंगलाष्टके म्हणण्याची पद्धत महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. शाळेत मराठी शिकवणारे काका, चार ओळी जुळवू शकणारी आत्या, अशी एक व्यक्ती बहुतेक नात्यागोत्यांत सापडतेच. वधू-वरांची नावे, दोन्ही घराण्यांची गावे, हयात नसलेल्या आजोबांची आठवण हे सारे त्या श्लोकांत गुंफले जाते. पूर्वी ही मंगलाष्टके गुलाबी किंवा पिवळ्या कागदावर छापून मांडवात वाटली जात. आता नावे बदलून मिळणारी तयार मंगलाष्टके विकत घेता येतात, आणि कोणत्याही दोन नावांना ती सारखीच लागू पडतात.

ती घरी रचणे अवघड नाही. मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. या वृत्ताच्या प्रत्येक चरणात १९ अक्षरे, गण म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरू. बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थोडा विसावा. शाळेत पाठ केलेले 'यमाताराजभानसलगं' येथे कामास येते. दीर्घ अक्षर, अनुस्वाराचे अक्षर आणि जोडाक्षरापूर्वीचे आघात घेणारे अक्षर गुरू, बाकीची लघू, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

खरी गंमत नावे बसविताना येते. 'स्नेहल' हे नाव गुरू-लघू-लघू असल्याने ते चरणाच्या तिसऱ्या किंवा आठव्या अक्षरापासून सहज बसते. 'अनिकेत'ला चौथ्या ते सातव्या अक्षराची जागा जणू राखूनच ठेवली आहे. 'तेजस्विनी' यतीनंतर लगेच किंवा चरणाच्या अगदी शेवटी शोभते. 'प्रियंका'ला यतीनंतरची दोन अक्षरे सोडून थांबावे लागते. 'विमल' आणि 'कमल' यांची मात्र पंचाईत होते. सलग तीन लघू या वृत्तात एकाच ठिकाणी, नवव्या ते अकराव्या अक्षरात येतात. तेथे नाव बसवायचे, नाहीतर पुढे जोडाक्षर आणून शेवटचे अक्षर गुरू करून घ्यायचे. प्रत्येक श्लोकाच्या शेवटी येणारे मंगलाचे ठरलेले पालुपद यतीनंतरच्या सात अक्षरांत चपखल बसते. म्हणजे रचणाऱ्याला एका श्लोकासाठी साडेतीन चरणांहून किंचित अधिक मजकूर लिहायचा असतो.

वणीला वृत्तांचे वावडे असण्याचे काही कारण नाही. १८८० मध्ये याच गावी जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात लोकमान्य टिळकांचे हजारो श्लोकांचे संस्कृत चरित्र, 'श्रीतिलकयशोऽर्णव', रचले. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. त्या मानाने भाचीच्या लग्नासाठी आठ श्लोक म्हणजे काहीच नाही. शिवाय आठही नवे रचण्याचा अट्टहास नको. दोन पारंपरिक, तीन घरचे एवढे पुरते. एक श्लोक गाण्यास साधारण मिनिटभर लागतो, आणि हातात अक्षता घेऊन उभे असलेले पाहुणे आठ-दहा मिनिटांपलीकडे श्लोकांकडे लक्ष देत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

गाणाऱ्याची पट्टी आधी ठरवून घ्यावी. पुरुषांचा आवाज सहसा काळी एक-काळी दोनच्या आसपास, स्त्रियांचा काळी चार-काळी पाचच्या आसपास मोकळा लागतो. मामा आणि आत्या यांनी एकाच पट्टीत आळीपाळीने गायचे ठरविले, तर दोघांपैकी एकाचा आवाज नक्की चिरकतो. गाणाऱ्याच्या हाती मोठ्या अक्षरांतला कागद असावा आणि ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाजवळ असावा, छायाचित्रकाराच्या सोयीच्या जागी नसावा.

वधूने विचारावे, वराने उत्तर द्यावे

मंगलाष्टकांचे शब्द कोणाचे असावेत, हा प्रश्न महाराष्ट्रात दीडशे वर्षांपूर्वीच ऐरणीवर आला होता. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. या विवाहांसाठी फुले यांनी स्वतः मंगलाष्टके रचली. १८८७ मध्ये ती पूजाविधीच्या पुस्तिकेत छापली गेली. त्यांचे वेगळेपण असे की, आशीर्वाद देणारा तिसराच कोणी न बोलता वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हिरावलेल्या हक्कांचा प्रश्न मांडते, वर त्यासाठी झटण्याचे वचन देतो, आणि जमलेली मंडळी मंगल चिंतितात. लग्नातील गाणे ज्यांचे लग्न आहे त्यांच्याच तोंडी असावे, ही कल्पना पाश्चात्त्य चित्रपटांतून आलेली नाही.

आजच्या वधू-वरांना हा नमुना विशेष उपयोगी आहे. संपूर्ण विधी पारंपरिक ठेवूनही एखादा श्लोक वधूने आणि एखादा वराने म्हणता येतो. आवाज चांगला असण्याची गरज नाही. किंबहुना थोडा कापरा आवाज मांडव शांत करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

विदर्भात बौद्ध पद्धतीने होणाऱ्या विवाहांत त्रिशरण-पंचशील आणि जयमंगल अष्टगाथा म्हटली जाते. पाली भाषेतील ही गाथा बुद्धाच्या आठ विजयांचे वर्णन करते आणि तिचे वृत्त वसंततिलका आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झालेल्या धम्मदीक्षेनंतर ज्या पिढीने ही गाथा प्रथम पाठ केली, तिच्या दृष्टीने ती लग्नात म्हणणे हीच सर्वांत वैयक्तिक निवड होती. नातवंडांना तिचा अर्थ ठाऊक नसेल, तर गाथेपूर्वी दोन मिनिटे मराठीत अर्थ सांगण्याची जबाबदारी घरातील एखाद्या ज्येष्ठाकडे देता येईल.

वाद्यांचेही असेच आहे. सनई-चौघडा, डफडे, ताशा ही वाद्ये सर्वांनाच सारखी गोड वाटतील, असे गृहीत धरता येत नाही. मांडवापुढे वाजविणे हे पिढ्यान्पिढ्या काही जातींवर लादलेले गावकीचे काम होते, आणि आंबेडकरी चळवळीने अशी कामे सोडून देण्याचा आग्रह धरला. एका घराला जे डफडे बालपणीच्या आनंदाची आठवण करून देते, तेच दुसऱ्या घराला वेठीची आठवण करून देऊ शकते. आंतरजातीय विवाहात तर ही बाब दोन्ही घरांनी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावी. वाजंत्री बोलवायचेच असतील, तर त्यांची बिदागी ठरवून, जेवण पाहुण्यांच्या पंगतीत देऊन आणि सनईवादकाला बसायला सावलीची जागा देऊन. मुद्रित सनईपेक्षा समोर बसलेला वादक कितीतरी अधिक देतो. मुहूर्त सायंकाळचा असेल तर त्याला यमन किंवा पूरिया कल्याण सुचवावा, सकाळचा असेल तर तोडीसारखा राग. ध्वनिमुद्रिका लावणारा गोरज मुहूर्तावर सर्रास सकाळचा राग लावतो आणि कोणी हटकत नाही.

तांड्यावर आणि पोडावर

घरचे गाणे म्हणजे काय, हे पाहण्यासाठी यवतमाळ जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे. तांड्यावरील लग्नात नवरीने गायचा 'ढावलो' हा प्रकार आहे. लग्न ठरलेल्या मुलीला वडीलधाऱ्या स्त्रिया तो शिकवीत. निघताना नवरी आई, भाऊ, सख्या यांच्या गळ्यात पडून आपल्या बोलीत सुरावर रडते. त्यात चाल ठरलेली असते, शब्द मात्र समोरच्या माणसाप्रमाणे बदलतात. बैलावर उभे राहून गायच्या 'हवेली'त माहेरच्या घराचा निरोप असतो. ज्या मुली शिकून शहरांत गेल्या, त्यांच्यापैकी अनेकींना ढावलो येत नाही. याचे दुःख करणाऱ्यांनी एवढेही ध्यानात घ्यावे की, लहान वयात अनोळखी घरी जावे लागणाऱ्या मुलीचा तो आक्रोश होता. सुखाने, स्वतःच्या पसंतीने लग्न करणाऱ्या तरुणीने तो तसाच गावा, ही अपेक्षा योग्य नव्हे. आजीच्या चालीत ती स्वतःचे शब्द घालू शकते. त्या गाण्याची रीतही तीच आहे.

वणीलगतच्या मारेगाव, झरी जामणी, केळापूर या तालुक्यांत गोंड आणि कोलाम समाज राहतो. ढोलाच्या तालावर फेर धरून होणारा ढेमसा येथे लग्नात नाचला जातो. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाण्याचे काम परंपरेने परधानांकडे असे. ज्या कुळाच्या दारी गायचे, त्याच कुळाच्या पूर्वजांची कथा ते गात. शेजारच्या आदिलाबाद भागातील राज गोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या परंपरेची नोंद आहे. ज्याला परधानाची किंगरी अजून ऐकायला मिळते, त्याने ती ध्वनिमुद्रित करून ठेवावी. लग्नाचे चित्रीकरण करणारा माणूस तेथे असतोच.

कोळसा खाणींमुळे वणीत तेलुगू आणि हिंदी भाषक कुटुंबेही आली आणि स्थिरावली. त्यामुळे एकाच मांडवात दोन भाषांची घरे येण्याचा प्रसंग येथे नवा नाही. अशा वेळी दोन्हीकडची गाणी एकामागून एक कोंबण्याऐवजी प्रसंग वाटून घ्यावेत. हळद एका घराच्या गाण्यांवर, बिदाई दुसऱ्याच्या. एकमेकांच्या गाण्याचा अर्थ समजावून सांगणारा एकजण मात्र हवा.

अर्थ न पाहता गाणे निवडले, की काय होते, याची उदाहरणे जगभर सापडतात. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कन्येच्या विवाहात मेंडेल्सोनची विवाह-धून वाजली आणि ती पुढे रूढ झाली. तिच्याइतकेच लोकप्रिय असलेले दुसरे विवाहगीत वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' या १८५० मध्ये रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेतील आहे. त्या संगीतिकेत हे गीत झाल्यावर काही वेळातच, लग्नाच्या पहिल्याच रात्री, वधू-वरांची कायमची ताटातूट ठरते. शेकडो जोडपी त्या धुनेवर चालत आली, त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आपल्याकडचे बँडवालेही विरहगीताची लय नाचण्याजोगी असेल तर ते वरातीत बिनदिक्कत वाजवितात.

बिदाईच्या वेळी ठराविक दोन गाणी हमखास लागतात. एक 'नीलकमल' (१९६८) चित्रपटातील, साहिर यांनी लिहिलेले आणि मोहम्मद रफी यांनी गायलेले वडिलांचे आशीर्वादगीत, दुसरे पी. सावळाराम यांचे, वसंत प्रभू यांच्या चालीवर लता मंगेशकर यांनी गायलेले. दोन्ही गाणी उत्तम आहेत, आणि म्हणूनच त्यांनी ही जागा व्यापली. पण ज्या मुलीला वडिलांऐवजी आईने एकटीने वाढविले, तिच्या बिदाईला वडिलांचे गीत लावण्यापूर्वी घरच्यांनी क्षणभर विचार करायला हवा. नवरी पुण्यात नोकरी करीत असेल, नवराही तिथलाच असेल आणि दोघे पंधरा दिवसांनी वणीला परत येणार असतील, तर त्या गाण्यातली कायमची ताटातूट तिच्या आयुष्यात नाही. आई रोज सकाळी स्वयंपाक करताना गुणगुणायची ते गाणे, वडील रेडिओवर लागले की आवाज वाढवायचे ते गाणे, गावातल्या भजनी मंडळाने खंजिरीवर म्हटलेले तुकडोजी महाराजांचे एखादे भजन, यांपैकी काहीही तेथे अधिक शोभेल. तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त लग्नातील डामडौलावर टीका केली आहे, ही गोष्ट भजन निवडताना खर्चाच्या यादीकडेही एकदा नजर टाकायला लावील.

काही व्यावहारिक बाबी आधीच पक्क्या कराव्यात. ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि निवासी भागात दिवसाची ध्वनिमर्यादा ५५ डेसिबल आहे. वरात लांबली की घड्याळाचा काटा पाहून पाठवणीचे गाणे अर्ध्यावर तोडले जाते; म्हणून ज्या गाण्यांना खरोखर अर्थ आहे ती वेळापत्रकात आधी बसवावीत आणि नाचाची वेळ त्याभोवती आखावी. लग्नाच्या मिरवणुकीत व समारंभात संगीत वाजविण्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, त्यामुळे त्याबाबत घाबरण्याचे कारण नाही. डीजे किंवा बँडशी बोलताना 'चांगली गाणी लावा' असे न सांगता चार गाण्यांची नावे, प्रत्येकाचा प्रसंग आणि कोणती गाणी मुळीच नकोत हे कागदावर लिहून द्यावे. मंगलाष्टके सुरू होताच सर्व यंत्रे बंद करण्याचे काम एका भावाकडे सोपवावे. घाणा, विहिणींची पंगत आणि पाठवणी या तीन वेळांनाही तोच भाऊ लागेल.

आणि घरच्या मंगलाष्टकांची पत्रके छापायचीच असतील, तर तळाशी रचणाऱ्याचे नाव, गाव आणि लग्नाची तारीख घालायला विसरू नये. जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या अनेक पत्रकांवर नवरा-नवरीची नावे ठळक असतात, पण श्लोक कोणत्या आत्याने लिहिले ते सांगायला घरात कोणी उरलेले नसते.